वरणाची साक्ष

दारावरची पाटी सकाळी नऊच्या सुमारास लाल झाली. सुगलाबाई तेव्हा आत तुरीची डाळ धूत होत्या. पाटी आधी पाहिली ती भांडी घासणाऱ्या हौसाबाईंनी. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रंग कळत होता.

"अक्का, आपली पाटी मिरचीवानी झाली की."

सुगलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि सावकाश, एकेक ओळ वाचली. हलकुडे खानावळ, लातूर. साक्षीदार: सुगलाबाई मन्मथप्पा हलकुडे. सात दिवसांचा सरासरी प्रथिन अंक: ३८. किमान आवश्यक: ५०. नऊ दिवसांत सुधारणा न झाल्यास परवाना रद्द करण्यात येईल.

खाली जिल्हा प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांची सही होती. नीलांबिका मन्मथप्पा हलकुडे.

"सही मात्र सुरेख करतीय पोरगी," सुगलाबाई म्हणाल्या आणि डाळ धुवायला आत गेल्या.

हा नियम काही वाईट हेतूने आलेला नव्हता. उन्हाळे लांबत गेले, गोठे मोडले, आणि दूध सणासुदीच्या जिनसांत जाऊन बसलं. शिकवणी वर्गांसाठी लातुरात येणाऱ्या हजारो मुलांच्या ताटात आता जमिनीतून उगवलेलंच काय ते उरलं होतं. त्यावर वाढत्या वयाचं शरीर नीट बांधलं जातं की नाही, हे कुणीतरी पाहायला हवंच होतं. पण मुलं दर वर्षी बदलतात, सुटीत घरी जातात, बाहेर काहीबाही खातात. म्हणून प्रत्येक खानावळीने एक कायमचा साक्षीदार द्यायचा असं ठरलं. त्याने दोन्ही वेळा त्याच खानावळीचं जेवायचं आणि दंडावर पट्टी बांधायची. सुगलाबाईंच्या गल्लीची पाळी याच महिन्यात आली, तेव्हा त्यांनी स्वतःचं नाव दिलं होतं. आपल्या वरणाची साक्ष आपण द्यायची नाही तर कुणी?

पट्टी दोन बोटं रुंद होती. तिच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया होत्या. त्या दुखत नसत. दर पंधरा मिनिटांनी त्या कातडीखालच्या द्रवातली नऊ अमिनो आम्लं मोजत. प्रथिन म्हणजे अशा आम्लांची लांब साखळी. त्यांचे वीस प्रकार शरीराला लागतात. त्यांतले नऊ त्याला स्वतः बनवता येत नाहीत, ते ताटातूनच यावे लागतात. नऊ रंगांच्या मण्यांची माळ ओवायला घेतली आणि एका रंगाचे मणी संपले, तर बाकीचे आठ डबे काठोकाठ भरलेले असले तरी ओवणं तिथंच थांबतं. शिवाय शरीर चरबी साठवून ठेवतं, पण सुटे मणी साठवत नाही, जाळून टाकतं. मणी कमी पडले तर ते काढायला एकच कोठार असतं. ते म्हणजे स्नायू.

एवढं सगळं सुगलाबाईंना माहीत नव्हतं. त्यांना इतकंच माहीत होतं की बावीस वर्षं त्यांच्या हातचं जेवून पोरं डॉक्टर झाली होती, आणि एकही वाळलेलं परत गेलं नव्हतं.

"पलीकडच्या गल्लीत सगळे पांढरी पूड टाकायलेत," दुपारी मन्मथप्पा म्हणाले. ते दारापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या मुलांची नोंद ठेवत. "दर माणशी दोन चमचे. चवपण कळत न्हाई म्हणं."

"चव कळत न्हाई म्हणून टाकायची व्हय? उद्या चव न कळणारी माती मिळंल."

"परवाना गेला तर मातीच खायची पाळी येईल, नीलाचे माय."

सुगलाबाई भाकरी थापायला वळल्या.

तीन वाजता नीला आली. तिच्या खांद्यावर प्रयोगशाळेची पिशवी होती आणि पिशवीत पांढऱ्या पुडीचा डबा. तिने तो ओट्यावर ठेवला आणि आईकडे न बघता बोलली.

"सही मलाच करावी लागते. जिल्ह्यात दुसरं कुणी नाही."

"मी कुठं काय म्हणलं? हाताखालच्या माणसाकडून करून घेतली असतीस तर बोलले असते."

"आई, हे घे. यात कोंबडी नाही. टाकीत यीस्ट वाढवतात, त्याच्यात अंड्याच्या पांढऱ्याचं जनुक घातलेलं असतं. प्रथिन तेच, प्राणी कुठंच नाही."

"कोंबडी असो न्हाईतर हत्ती असो. माझ्या वरणात काय कमी हाय ते आधी सांग."

"अंक सांगतोय ना."

"अंक माझा हाय. वरणाचा न्हाई."

प्रयोगशाळेत हे वाक्य कुणी उच्चारलं असतं, तर नीलाने त्याला बसायला खुर्ची दिली असती. मोजलं होतं माणसाला, निकाल लावला होता अन्नाचा. मधली एक पायरी सगळ्यांनी गृहीत धरली होती, तिनेसुद्धा.

तिने पिशवीतून पट्टीच्या नोंदी दाखवणारा पडदा काढला आणि आईच्या सात दिवसांच्या रेषा उघडल्या. सही करताना तिने फक्त सरासरी पाहिली होती. वरणभाकरी खाणाऱ्या माणसाची रेषा तिला पाठ होती. जेवल्यावर तासाभराने ती चढू लागते, हळूहळू चढते आणि चार-पाच तास वर राहते, कारण डाळी-धान्यातलं प्रथिन सावकाश सुटतं. आईची रेषा दुपारी चारपर्यंत जमिनीला चिकटलेली होती. चारनंतर एक बुटका उंचवटा, रात्री दहानंतर तसाच दुसरा.

नीलाने नऊ आम्लं वेगवेगळी करून पाहिली. मेथिओनिन बऱ्यापैकी होतं. लायसिन जवळजवळ हलतच नव्हतं. ज्वारीत लायसिन थोडं असतं, तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन थोडं असतं, ते ज्वारी देते. एका ताटात आल्या की दोघी एकमेकींचं उणं भरून काढतात. पण या रेषेत दोघी नव्हत्या. एकटी ज्वारी होती.

"आई, तू वरण खात नाहीस."

"खुळी झालीस का? रोज खाते."

"काल किती खाल्लंस?"

"उरलं तेवढं."

"किती उरलं होतं?"

मोरीपाशी हौसाबाई पातेलं घासत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "उरतंय कुठलं, तीनदा आधण ओतल्यावर? नुसतं हळदीचं पाणी ऱ्हातंय. त्यात भाकर कुस्करायची आन गिळायची. मी बी तेच खाते की."

नीला पातेल्याकडे बघत राहिली. रीत तिला माहीत होती, ती याच घरात वाढली होती. दीडनंतर वर्ग सुटून दुसरा घोळका येई. पातेलं खाली गेलेलं असे. मग आई उकळत्या पाण्याचा तांब्या ओते, चिमूटभर मीठ टाके, आणि कुणाचंही ताट रिकामं राहत नसे.

"डाळ किती घेतेस तू?"

"सहा मापं. साठ पोरं, तुझे बाबा, आन एखादा आलागेला."

"आणि तू? हौसामावशी?"

"आमचं काय मोजायचं," सुगलाबाई म्हणाल्या. "आम्ही हावच की घरात."

आईच्या ब्लाऊजच्या बाह्या दर दोन-तीन वर्षांनी आत घ्याव्या लागत, हे नीलाला आठवलं. शिवणयंत्रावर बसून तिने स्वतःच कितीदा तरी घेतल्या होत्या. वय होतं, असं दोघी म्हणत. आता ती रेषेकडे बघत होती आणि तिला हिशेब लागत होता. बाहेरून मिळालं नाही की शरीर आतलं मोडतं. आई वर्षानुवर्षं स्वतःचे दंड खात होती, आणि त्याच दंडावर खानावळीची साक्ष बांधली होती.

"म्हणजे माझं वरण नापास झालं," सुगलाबाई हळूहळू म्हणाल्या, "ते मी खाल्लं न्हाई म्हणून?"

"हो."

त्या रडतील असं नीलाला वाटलं होतं. त्या चिडल्या. त्यांनी पुडीचा डबा उचलला आणि लेकीच्या पिशवीत परत कोंबला.

"मग हे ने. वरण हाय की माझ्याकडं."

पण वरण असणं आणि ते आधी खाणं यात अंतर होतं, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. सुगलाबाईंनी साडेअकराला ताट वाढून घेतलं. दुसरा घास तोंडात होता तेवढ्यात पहिली मुलगी आली. "मावशी, लवकर वाढा ना, बाराला पेपर आहे." सुगलाबाई कधी उठल्या हे त्यांचं त्यांनाच समजलं नाही. परत आल्या तेव्हा अडीच वाजले होते आणि भाकरी वातड झाली होती.

तिसऱ्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मन्मथप्पा आत आले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "गिऱ्हाईक दारात आन मालकीण ताटावर. बरं दिसतं का? दासोह म्हणतो आपण याला, अन्नदानाचं व्रत. आधी दुसऱ्याच्या पोटात, मग आपल्या."

"तुम्ही कधी जेवता हो?"

"बाराला. मला गोळी असते ना."

"व्हय. तुमच्या दासोहाला गोळी हाय. माझ्या दासोहाला काय हाय?"

मन्मथप्पा बाहेर गेले. ते वाईट गृहस्थ नव्हते. बावीस वर्षांत बायकोला जेवताना आपण फारसं पाहिलंच नाही, हे दारापाशी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

सुगलाबाई रोज बसत राहिल्या. अपराध्यासारख्या, घाईघाईने, पण बसत राहिल्या. रात्री झोपण्याआधी त्या नियमांचं पुस्तक वाचत. नीलाने ते पडद्यावर मोठ्या अक्षरात लावून दिलं होतं. अंक चढत होता, पण रडतखडत. ३९, ४१, ४४. नीलाने कारण सांगितलं. रिकामं कोठार आधी भरतं, मणी तिकडे वळतात, रक्तात दिसायला वेळ लागतो. शिवाय सरासरीला मागचे उपाशी दिवस खाली ओढत होते.

नवव्या दिवशी पाटीवर जुन्या लाल ३८ च्या शेजारी ४६ होते.

तपासनीस गव्हाणे साडेअकराला आले. चेहऱ्याने थकलेला, बोलायला मऊ माणूस. नीला तंत्रज्ञ म्हणून त्यांच्याबरोबर होती आणि आईच्या बाजूने एक शब्दही बोलायची तिला मुभा नव्हती. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"चार कमी पडले, बाई," गव्हाणे म्हणाले. "पण वाईट वाटून घेऊ नका. पूड सुरू करतो असं लिहून द्या, मी आत्ता मंजूर करतो. उद्या सकाळी पाटी हिरवी."

"देऊन टाक लिहून," मन्मथप्पा म्हणाले. "दोन ओळींचा प्रश्न हाय."

"मला कलम एकोणीस पाहिजे," सुगलाबाई म्हणाल्या.

गव्हाण्यांनी नीलाकडे पाहिलं. नीलाने पंख्याकडे.

"ताट तुमच्यासमोर तोलायचं," सुगलाबाई पाठ केल्यासारखं बोलत होत्या, "तुमच्यासमोर जेवायचं, आन पाच तास रेष बघायची. अन्न पुरेसं हाय का न्हाई ते त्यावरून ठरवायचं. लिवलंय पुस्तकात."

"लिहिलंय खरं. पण तीन वर्षांत कुणी मागितलं नाही."

"मग मी पयली."

"माझ्या अजून चार खानावळी बाकी आहेत, बाई."

"त्या कुठं पळून जायलेत?"

बाहेर मुलं जमू लागली होती. बारा वाजत आले होते. गव्हाण्यांनी सुस्कारा सोडला आणि खुर्ची ओढली. "ठीक आहे. असं करू, तुमची गर्दीची वेळ आहे. पोरांना वाढून घ्या. मग निवांत, दोन-अडीचला करू तुमचं ताट."

बोलणं इतकं समजूतदार होतं की सुगलाबाईंचा हात पळीकडे गेलासुद्धा. पळी धरली, पातेल्यात घातली, आणि त्या थांबल्या. अडीचला या पातेल्यात काय असेल ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ता. पयलं ताट माझं."

त्यांनी पातेलं तळापासून ढवळलं आणि घट्ट वरण वाटीत घेतलं. मटकीची उसळ घेतली, दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी. नीलाने एकेक वाटी काट्यावर ठेवली आणि आकडा मोठ्याने वाचला. सगळं मिळून प्रथिन सदतीस ग्रॅम. मग सुगलाबाई पातेल्याशेजारी, दाराकडे तोंड करून, मांडी घालून बसल्या. रांगेतल्या सगळ्या तोंडांसमोर.

जेवण सोपं नव्हतं. रांगेतून एक मुलगा म्हणाला, "मावशी, आमच्यासाठी पण ठेवा हं."

"ठेवते की. राजा, मी बावीस वर्षं बघत हुबी होते. तू वीस मिन्टं बघ."

रांग हसली, पण कुणी हललं नाही. मोरीतून हौसाबाई म्हणाल्या, "मला बी भूक लागलीय म्हणावं."

"म्हणावं काय, बस की. ताट घे."

हौसाबाई हात धुऊन आल्या आणि शेजारी बसल्या. आता वाढायला कुणीच उरलं नव्हतं. मन्मथप्पांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, मग बाह्या सरसावल्या आणि पळी उचलली. पहिल्याच ताटात त्यांनी वरण सांडलं.

सुगलाबाईंनी दोन्ही भाकऱ्या संपवल्या. घाई केली नाही.

एक वाजून दहा मिनिटांनी रेषा हलली. दोन वाजता ती चढणीवर होती. नीला दर पंधरा मिनिटांनी नऊ आकडे वाचत होती आणि आवाज सपाट ठेवत होती. लायसिनचा आकडा एकदा तिने दोनदा वाचला. अडीच वाजता मन्मथप्पांनी गव्हाण्यांना ताट वाढलं. तपासनीसांनी पहिला घास घेतला आणि वाटीत पाहिलं.

"वरण जरा पातळ आहे."

"दीडला एक तांब्या घातला, मग दोनला एक," मन्मथप्पा ओशाळून म्हणाले. "नेहमीचंच हाय."

"व्हय," सुगलाबाई म्हणाल्या. "माझा अंक कुठं गेला ते आता बघा तुमच्या वाटीत."

गव्हाण्यांनी वाटी खाली ठेवली. मग शांतपणे म्हणाले, "तुमचं कळलं. पण बाई, दोनला जी मुलं आली त्यांच्या वाटीतही हेच होतं. त्यांना पट्टी नाही."

सुगलाबाईंचा चेहरा उतरला. हा घाव त्यांना अपेक्षित नव्हता. कुणाचं ताट रिकामं राहू नये म्हणून ओतलेलं पाणी, आणि त्याचाही कुणाच्या तरी हाडामासातून हिशेब होत होता.

"ते चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "त्याला पुस्तकात काय शिक्षा असंल ती लावा. उद्यापासनं आठ मापं शिजतील आन तांब्या पातेल्याजवळ येणार न्हाई. पण पूड न्हाई. कमी हाय ती डाळ. मग डाळच घालीन."

पाच वाजेपर्यंत रेषा खाली आली नाही. गव्हाण्यांनी आकडे तपासले, पुन्हा तपासले आणि अहवालात चार शब्द लिहिले. अन्न पुरेसे. साक्षीदार उपाशी. परवाना कायम ठेवला. पाण्याबद्दल लेखी ताकीद दिली. निघताना ते म्हणाले, "नऊ दिवसांमागचा तो लाल अंक पाटीवरून काढायला सांगतो. उगाच नाव खराब नको."

"ऱ्हाऊ द्या तो. तो खोटा न्हाई."

"लोक वाचतील, बाई."

"वाचू द्या."

सुगलाबाईंनी हौसाबाईंना स्टूल धरायला सांगितलं, त्यावर चढल्या आणि रंगाच्या लेखणीने लाल अडतीसच्या खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: हा अंक स्वयंपाकिणीचा आहे. ती शेवटी जेवत होती.

"अगं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" मन्मथप्पा खालून म्हणाले.

"पाटी तिथंच हाय की, चव्हाट्यावर," सुगलाबाई म्हणाल्या. "गोष्ट आत कशाला कोंडायची?"

त्यानंतर पाचव्या दिवशी साडेअकराला पलीकडच्या गल्लीतल्या मेंगशेट्टेबाई आल्या. त्यांची खानावळ मोठी होती. पूड टाकून पाटी हिरवी करणाऱ्यांत त्या पहिल्या. आत न येता त्या पाटीखाली उभ्या राहिल्या आणि बराच वेळ वाचत राहिल्या, चार ओळी वाचायला लागतो त्याहून कितीतरी जास्त. दंडावरच्या पट्टीवर त्यांनी पदर ओढून घेतला होता. पदराखालचा दंड लाटण्याएवढा होता.

"या की आत," सुगलाबाई म्हणाल्या. "जेवलात का?"

"झालं की मघाशीच."

"काय जेवलात?"

मेंगशेट्टेबाई रस्त्याकडे पाहू लागल्या.

सुगलाबाईंनी ताट घेतलं, पातेलं तळापासून ढवळलं आणि वाटी भरली. त्यांचं स्वतःचं ताट शेजारीच वाढलेलं होतं.

"मावशी," मागून एक मुलगी म्हणाली, "रांग लागलीय."

"दिसतीय मला," सुगलाबाई म्हणाल्या. "थांबा."